किडनीच्या नलिकांमधल्या पेशी ताकद कुठनं आणतात आणि कशावर खर्च करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरात बोलणं मराठीत, डॉक्टर समजावून सांगतात कन्नडात नाहीतर हिंदीत, आणि हातात रिपोर्ट पडतो तो इंग्लिशमध्ये. मग किडनीचा विषय निघाला की सगळं घर क्रिएटिनिनच्या (रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, किडनी गाळते किती ते त्यावरनं बघतात) एका आकड्यावर अडकून बसतं आणि आत पेशींचं काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना बायोलॉजी शिकवते, त्या मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि गल्लीतल्या लोकांनी जे जे विचारलं ते इथं एकत्र लिहितेय. औषध चालू करणं, बंद करणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, हे वाचून नाही.

किडनी म्हणजे गाळणीच ना? मग गाळायला एवढी ताकद कशाला लागते?

गाळायला किडनीला स्वतःची ताकद जवळजवळ लागतच नाही. रक्त गाळलं जातं ते हृदयाच्या प्रेशरवर, म्हणजे त्या कामाचा खर्च हृदय करतं. किडनीचा खर्च सुरू होतो तो गाळून झाल्यावर. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि आपल्याला लघवी होते दीड-दोन लिटर, मग बाकीचं गेलं कुठं, तर ते सगळं नलिकांमधल्या, म्हणजे गाळणीच्या पुढं असलेल्या बारीक नळ्यांमधल्या, पेशींनी परत ओढून रक्तात घातलं. त्या १८० लिटरमध्ये जवळपास दीड किलो मीठ असतं बघा! रोजचं दीड किलो मीठ, आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घ्यायचं. साखर पण तशीच, दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास गाळली जाते आणि निरोगी माणसाच्या लघवीत जवळजवळ काहीच उतरत नाही. ही परत घेण्याची मेहनत नलिकांची आहे आणि किडनीचा सगळा खर्च मुख्यतः इथंच होतो. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तर खालचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

किडनी एकूण किती ऑक्सिजन खाते?

दोन्ही मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदयातनं निघणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त तिकडं जातं आणि आपण आरामात बसलेलो असताना शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला ७ ते १० टक्के किडन्या वापरतात. किलोमागं हिशोब केला तर किडनी हृदयाच्या बरोबरीनं ऊर्जा जाळते, मेंदूपेक्षाही जास्त. सगळे मेंदूचं कौतुक करतात पण किडनीचं हे कुणी सांगत नाही.

ही ताकद नेमकी कुठल्या कामावर जाते?

सोडियम-पोटॅशियम पंपावर. प्रत्येक नलिका-पेशीला दोन बाजू असतात, एक लघवीकडची आणि एक रक्ताकडची. रक्ताकडच्या बाजूला हे पंप बसलेले असतात, एक एटीपी (पेशी ताकद ज्या रूपात खर्च करते तो रेणू) खर्च केला की ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. त्यामुळं पेशीच्या आत सोडियम कायम कमी राहतं, मग लघवीकडच्या बाजूनं सोडियम आत यायला बघतं, आणि येताना त्याच्या जोडीनं साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट हे सगळं आत येतं. म्हणजे साखर परत घ्यायला वेगळा एटीपी मोडावा लागत नाही, खर्च एकाच जागी होतो आणि त्यावर बाकी सगळ्यांचा प्रवास होतो.

शेतकऱ्याच्या पोरांना मी असं सांगते, कॅनॉलचं पाणी उतारानं फुकट येतं पण मार्कंडेय नदीचं पाणी वरच्या उसाला चढवायचं तर मोटर लागते, आणि थ्री फेज गेली की मोटर बंद, नदीत पाणी कितीही असू दे. गाळणं हे उताराचं काम आणि परत घेणं हे मोटरचं.

हा पंप जेन्स स्काउ या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना शोधला आणि १९९७ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तब्बल ४० वर्षांनी.

या पेशी जाळतात काय? साखरच ना?

नाही, आणि इथं जवळजवळ सगळीच मुलं चुकतात. नलिकेचा पहिला भाग, प्रॉक्सिमल ट्यूब्यूल म्हणतात त्याला, तो दोन-तृतीयांश मीठ-पाणी एकटा परत घेतो आणि त्याचं मुख्य इंधन आहे फॅट, म्हणजे फॅटी ॲसिड. सोबतीला लॅक्टेट (साखर अर्धवट मोडली की उरतं ते), ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल), उपाशी असलं तर कीटोन (फॅटपासनं लिव्हर बनवतं ते इंधन). साखर तो भाग फारशी जाळत नाही. त्याच्यातनं रोज १८० ग्रॅम साखर जाते आणि तो ती न खाता तशीच्या तशी रक्ताला देऊन टाकतो.

फॅटच का, तर हिशोब बघा. ग्लुकोजच्या एका रेणूतनं ३० ते ३२ एटीपी मिळतात आणि पाल्मिटिक ॲसिड नावाच्या साध्या फॅटी ॲसिडच्या एका रेणूतनं १०६. काम अखंड चालू, दिवस-रात्र सुट्टी नाही, तर तिथं जास्त देणारं इंधन पाहिजे. पण फॅट जाळायचं म्हणजे ऑक्सिजन पाहिजेच, ऑक्सिजन नसेल तर फॅटमधनं एक एटीपी निघत नाही, आणि साखरेतनं मात्र ऑक्सिजन नसतानाही थोडेसे, दोन, निघतात. म्हणून पहिला भाग ऑक्सिजनवर पूर्ण अवलंबून आहे, त्याच्याकडं दुसरा मार्ग फार थोडा. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, तिथं इतके दाटीनं असतात की मायक्रोस्कोपखाली रक्ताकडच्या बाजूला उभ्या रेघोट्या मारल्यासारखं दिसतं, बरोबर पंपांच्या शेजारी.

पुढचे भाग, म्हणजे किडनीच्या आतल्या गाभ्यातले आणि शेवटाकडचे, ते साखर वापरतात. अगदी आत, जिथं ऑक्सिजन कमीच पोचतो, तिथं बराचसा कारभार ऑक्सिजनशिवाय साखर मोडून चालतो.

किडनी साखर तयार पण करते म्हणे?

होय. पहिल्या भागातल्या पेशी लॅक्टेट आणि ग्लुटामिनपासनं नवीन ग्लुकोज बनवतात. रात्रभर पोट रिकामं असताना रक्तात जी साखर येते त्यातला बहुतेक वाटा लिव्हरचा, पण पाचवा हिस्सा तरी किडनीचा असतो आणि उपास लांबला की किडनीचा वाटा वाढत जातो.

आमच्या अण्णांना १५ वर्षं शुगर आहे, आता इन्सुलिन कमी लागायलंय, शुगर बरी व्हायलीय का?

हा प्रश्न मला फार काळजीत टाकतो, कारण घरात लोक आनंदानं सांगत असतात. जुन्या शुगरवाल्या माणसाला काही कारण नसताना, म्हणजे वजन उतरलं नाही, खाणं बदललं नाही, आणि तरी शुगर लो व्हायला लागली तर आधी किडनीची तपासणी करून घ्या. इन्सुलिन मोडून टाकायचं बरंच काम याच नलिका-पेशी करतात, त्या थकल्या की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं. वर त्या जी साखर बनवायच्या ती पण कमी होते, भूक पण कमी झालेली असते. तिन्ही मिळून शुगर खाली जाते. रात्री घाम येऊन, गोंधळल्यासारखं होऊन माणूस उठतो तो यातनंच. डोस लगेच डॉक्टरांकडनं बदलून घ्यायला पाहिजे, थांबायचं नाही.

किडनीला एवढं रक्त मिळतं, मग तिला ऑक्सिजन कमी कसा पडतो?

सगळं रक्त सारखं वाटलेलं नाही. बाहेरच्या थराला, कॉर्टेक्सला, बहुतेक रक्त मिळतं आणि आतल्या गाभ्याला, मेड्युलाला, दहा टक्क्यांच्या आसपास. बाहेर ऑक्सिजनचा दाब ५० मिलिमीटर पाऱ्याच्या जवळ असतो तर आत १० ते २०. आणि हे कायमचं आहे, निरोगी माणसात सुद्धा.

असं का, तर लघवी घट्ट करता यावी म्हणून. आत मिठाचा साठा धरून ठेवायचा असेल तर तिथनं रक्त जोरात वाहून चालत नाही, नाहीतर साठा धुऊन जाईल. म्हणून आतल्या रक्तवाहिन्या केसाच्या पिनेसारख्या वळतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या रक्तातनं ऑक्सिजन मधल्यामधे एकीकडनं दुसरीकडं निसटतो, खालपर्यंत थोडाच पोचतो. आणि बरोबर याच भागात नलिकेचा जाड चढता भाग आहे, तो २०-२५ टक्के मीठ परत घेतो, म्हणजे काम दणकट आणि ऑक्सिजन तुटपुंजा. मिळालेल्या ऑक्सिजनपैकी ८० टक्के तो भाग काढून घेतो. शिल्लक फार थोडा. म्हणून बीपी थोडं पडलं, पाणी कमी झालं, की पहिला फटका इथं बसतो, आणि त्याच्या शेजारी असलेल्या पहिल्या भागाच्या शेपटाला.

पेनकिलरनं किडनी जाते म्हणतेत, खरं काय?

याचं उत्तर मी लांब देणार आहे कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान टाळता येण्यासारखं इथंच आहे.

वर सांगितलेल्या त्या कमी ऑक्सिजनच्या भागात रक्त चालू ठेवायला किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवते, त्यानं वाहिन्या उघड्या राहतात. पोटभर पाणी प्यालेल्या धडधाकट तरुण माणसात याची गरज फार नसते. पण शरीरात पाणी कमी असलं, जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात राबलात, हार्ट कमकुवत आहे, वय झालंय, तर किडनी बऱ्याच अंशी त्या रसायनावर टिकून असते. आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या गोळ्या नेमकं तेच रसायन बंद करतात, दुखणं थांबतं ते त्यामुळंच. म्हणजे गोळी जेव्हा सगळ्यात जास्त घेतली जाते, अंग ठणकतंय, ताप आहे, दिवसभर उन्हात चाललोय, तेव्हाच ती सगळ्यात धोक्याची.

त्यात आणखी एक, बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि वरनं ही पेनकिलर, तिन्ही एकदम पोटात गेल्या तर गाळणीचं प्रेशर पण पडतं आणि आतलं रक्त पण आटतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत पहिल्या दोन औषधांचं मिश्रण एकाच गोळीत असतं, लोकांना वाटतं आपण एकच गोळी खातोय. पायी दिंडीला पंढरपूरला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मावशी-काकांना मी दरवर्षी हेच सांगते, गुडघ्याला मेडिकलमधनं स्ट्रिप घेऊन रोज दोन खात चालू नका, आधी डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या दाखवा आणि दुखलं तर काय घ्यायचं ते विचारून ठेवा. साध्या दुखण्याला ठरलेल्या डोसमधलं पॅरासिटामॉल किडनीला बरंच सोसतं, वरनं लावायचं मलम त्याहून बरं.

एखादी गोळी कधीतरी घेतली म्हणून घाबरायचं नाही. रोजची सवय आणि कोरडं शरीर ही जोडी वाईट.

उसाच्या तोडणीला, वीटभट्टीवर दिवसभर उन्हात काम करणाऱ्यांच्या किडनीला काय होतं?

घाम गेला, पाणी कमी झालं की शरीर लघवी जास्तीत जास्त घट्ट करायला बघतं आणि त्यासाठी नलिकांना कामाला जुंपतं, तेही किडनीला जाणारं रक्त कमी झालेलं असताना. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी कामगारांमध्ये शुगर-बीपी नसताना तरुणपणी किडनी जाण्याचा आजार दिसला, २००२ पासनं त्यावर लिहिलं जातंय. उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि परत परत पाणी कमी पडणं हे त्यातलं मोठं कारण मानतात, कारणं आणखी पण असू शकतात. त्या रुग्णांत बिघाड गाळणीपेक्षा नलिका आणि त्यांच्या आजूबाजूच्या भागात जास्त दिसतो. आपल्या जिल्ह्यात कारखाने सुरू झाले की फडात किती माणसं राबतात ते सगळ्यांना दिसतं. मालकानं फडापाशी पाण्याचा पिंप आणि सावली ठेवणं, दुपारच्या उन्हात सुट्टी देणं, ही उपकाराची गोष्ट नाही.

रक्त कमी पडलं की पेशीत नेमकं काय बिघडतं? आणि ती परत बरी होते का?

काही मिनिटांत एटीपी घसरतं. पंप थांबतो, सोडियम आत साचतं, पाणी मागोमाग येतं, पेशी फुगते. लघवीकडच्या बाजूला बारीक केसांसारखी झालर असते ती गळून पडते. रक्ताकडच्या बाजूचे पंप जागा सोडून भलतीकडं सरकतात. काही पेशी मरतात, काही जिवंतच निखळून नळीत पडतात आणि नळी तुंबते, लघवीच्या मायक्रोस्कोप तपासणीत चिखलासारखे तपकिरी कास्ट, म्हणजे नळीत जमून बनलेले साचे, दिसतात ते हेच.

पण नलिका-पेशींना जिद्द आहे! मागं उरलेल्या पेशी आपलं रोजचं काम बाजूला ठेवतात, साध्या रूपात जातात, विभागतात, रिकामी जागा भरून काढतात आणि मग परत कामाला लागतात. बहुतेकांत हे एक ते तीन आठवड्यांत होतं. म्हणून जुलाबामुळं किंवा साप चावल्यावर किडनी बंद पडली, चार डायलिसिस लागले, आणि नंतर माणूस डायलिसिसशिवाय घरी आला असं घडतं. फक्त नंतर पण सहा महिने-वर्षानं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघत राहायचं, कारण एकदा असा मार बसलेल्या माणसाला पुढं कायमचा किडनीचा आजार व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

जुनाट किडनीच्या आजारात या पेशींची ताकद कमी होते का?

होते. फॅट जाळायची यंत्रणा मंद पडते, न जळलेलं फॅट पेशीत थेंब थेंब साचतं आणि आजूबाजूला फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे कडक धागे, वाढायला लागतात. २०१५ साली माणसाच्या किडनीच्या नमुन्यांवर आणि उंदरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे नीट दिसलं, आणि उंदरात फॅट जाळणं परत वाढवलं तर फायब्रोसिस कमी झालं. माणसासाठी यातनं थेट गोळी अजून निघालेली नाही. खाण्यातलं तेल-तूप कमीजास्त करून पेशीतलं हे ठीक होत नाही, तसा अर्थ काढू नका.

शुगरमध्ये आधी किडनी जास्त काम करते म्हणे, ते कसं? आणि डापाग्लिफ्लोझिन कशासाठी देतेत?

रक्तात साखर जास्त, म्हणून गाळलेल्या पाण्यात साखर जास्त, म्हणून पहिला भाग साखर आणि तिच्यासोबत मीठ पण जास्त ओढतो. परिणाम असा की पुढं मीठ कमी पोचतं. पुढं एक जागा आहे जिथं मीठ किती आलं ते मोजलं जातं, तिला वाटतं गाळणं कमी झालंय, ती गाळणीचा दरवाजा आणखी उघडते. म्हणजे आणखी गाळणं, आणखी परत घेणं, आणखी ऑक्सिजन. वर्षानुवर्षं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं पहिल्या भागातला साखर ओढणारा मार्गच अडवतात, ती साखर लघवीत जाते, मीठ पुढं पोचतं, दरवाजा थोडा मिटतो, गाळणीवरचा ताण आणि पहिल्या भागाचा खर्च दोन्ही कमी होतात. थोडं काम पुढच्या भागांवर सरकतं हेही खरं. २०१९ ते २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत ही औषधं किडनीचा ऱ्हास हळू करतात हे दिसलं, शुगर नसलेल्या रुग्णांत सुद्धा. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं, ते बघून स्वतःहून गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीत साखर येणारच, ते औषधाचं काम आहे. मात्र लघवीच्या जागी खाज-फंगस होऊ शकतो, स्वच्छता ठेवायची. आणि कडक उपास, उलट्या-जुलाब, ऑपरेशन असेल तेव्हा ही गोळी थांबवायची का हे आधीच विचारून ठेवा, कारण शुगर फार वाढलेली नसताना सुद्धा रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवायचं. जेनेरिक आल्यापासनं ही औषधं पुष्कळ स्वस्त झालीत.

लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, घेतली तर किडनीला आराम मिळतो का?

ती जाड चढत्या भागाचं मीठ ओढणं बंद करते, त्यामुळं तिथला ऑक्सिजन वाढतो, हे मोजून बघितलेलं आहे. म्हणून किडनी वाचेल असं वाटलं होतं, पण रुग्णांत तसा फायदा दिसला नाही. अंगावरची सूज उतरवायला ती उत्तम, किडनीला विश्रांती म्हणून घ्यायची नाही.

नलिकांच्या पेशी बिघडल्यात हे कुठल्या टेस्टमध्ये कळतं?

क्रिएटिनिन मुख्यतः गाळणं किती चाललंय ते सांगतं. नलिका बिघडल्या तर खुणा वेगळ्या, रक्तातली शुगर नॉर्मल असून लघवीत साखर (वरच्या गोळ्या चालू नसताना), रक्तात फॉस्फेट कमी, पोटॅशियम कमी, बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) कमी. जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी मधलं टेनोफोविर, कॅन्सरमधलं सिस्प्लॅटिन ही औषधं पहिल्या भागाच्या पेशीत साचतात, म्हणून ती चालू असताना डॉक्टर सारखं रक्त-लघवी तपासायला सांगतात. कंटाळा करू नका.

मायटोकॉन्ड्रियासाठी टॉनिक, किडनी साफ करायचा काढा, असलं काही घ्यावं का?

नाही. कोएन्झाइम क्यू१० (मायटोकॉन्ड्रियाच्या कामात लागणारं एक द्रव्य) काही ठराविक आनुवंशिक आजारांत डॉक्टर देतात, सरसकट सगळ्यांना उपयोग होतो असा पुरावा नाही. काढ्यात काय आहे ते बाटलीवर धड लिहिलेलं नसतं आणि जड धातू असले तर ते याच पहिल्या भागात जाऊन बसतात.

डायलिसिस केलं की नलिकांचं काम पण होतं का?

नाही होत. मशीन रक्त साफ करतं, जादाचं पाणी काढतं. पण व्हिटॅमिन डी ला कामाच्या रूपात आणायचं शेवटचं काम याच पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात होतं, आम्ल बाहेर टाकायला ग्लुटामिनपासनं अमोनिया इथंच बनतो, साखर इथं बनते, ते मशीनला जमत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला व्हिटॅमिन डी च्या वेगळ्या गोळ्या, फॉस्फेट कमी करायच्या गोळ्या लागतात. रक्त वाढवायचं इंजेक्शन पण लागतं, ते हार्मोन मात्र नलिका बनवत नाहीत, त्यांच्या शेजारच्या पेशी बनवतात, ऑक्सिजन कमी झालाय हे ओळखून. ही ओळख कशी पटते ते शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातले पीटर रॅटक्लिफ हे मुळात किडनीचेच डॉक्टर.

दान केलेली किडनी बर्फात का ठेवतात? आणि बसवल्यावर लगेच लघवी आली नाही तर?

थंडीत, ४ अंशाच्या आसपास, पेशीची ऊर्जेची गरज दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून रक्त आणि ऑक्सिजन नसताना ती काही तास तग धरते. गरज शून्य होत नाही, त्यामुळं वेळ जितका लांबेल तितका एटीपी आटत जातो आणि रक्त परत सुरू झाल्यावर नलिकांना सावरायला वेळ लागतो. जिवंत नातेवाइकाची किडनी लगेच बसवली जाते म्हणून ती बहुतेक वेळा तिथंच लघवी करायला लागते, मेंदूमृत दात्याची दूरच्या शहरातनं आली असेल तर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, डायलिसिस चालू ठेवावं लागतं. त्या दिवसांत घरातले खचून जातात, रुग्णानं किडनीसाठी वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते आणि लघवीची पिशवी रिकामी दिसते. अशा वेळी डॉक्टरांना थेट विचारा की रिजेक्शन आहे (शरीर नवी किडनी नाकारतंय) का नलिका अजून सावरायच्या आहेत, दोन्हींचे उपचार वेगळे आणि बायोप्सीनं ते कळतं. नुसत्या नलिका थकलेल्या असतील तर त्या बहुतेक वेळा उठतात, तोवर रोजचं वजन, बीपी आणि गोळ्यांच्या वेळा चुकवायच्या नाहीत.